आठवीला कुठे घालायचं? गावचं छोटं हायस्कूल आणि तालुक्याची मोठी शाळा

दर एप्रिलमध्ये कुणीतरी घरी येतं आणि हाच प्रश्न विचारतं. यंदा माझी चुलत वहिनी आली. तिची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी पास झाली. गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीच्या काठचं. गावातच आठवी ते दहावीचं हायस्कूल आहे. ते संस्थेचं असलं तरी अनुदानित, म्हणजे शिक्षकांचा पगार शासनाचा. तीन वर्ग आणि मोजके शिक्षक. दुसरीकडे तालुक्याच्या गावची मोठी शाळा, अ पासून ड पर्यंत तुकड्या, सेमी इंग्रजी, कॉम्प्युटरची खोली, आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी गेटवर लागणारं भलंमोठं बॅनर. वहिनी म्हणाली, "ताई, आता तूच सांग."

दोन्ही प्रकारच्या शाळांत मी गणित शिकवलंय. आधी छोट्या शाळेत, नंतर मोठ्या. त्यामुळे तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात निकालाच्या टक्क्यापासून, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. समजा गावच्या शाळेतून अठरा मुलं दहावीला बसली आणि तीन नापास झाली. निकाल ८३.३३ टक्के. पुढच्या वर्षी त्याच शिक्षकांनी तेच शिकवलं आणि एकच मूल नापास झालं, तर निकाल ९४.४४. गावात लगेच "शाळा सुधारली" म्हणतात. शाळा होती तशीच आहे, फक्त दोन पोरांचा फरक पडला. मोठ्या शाळेत दोनशे मुलं बसतात, तिथे एक मूल नापास झालं तर अर्धा टक्का हलतो. म्हणून छोट्या शाळेचा एका वर्षाचा निकाल पाहून काहीही ठरवू नका. निदान तीन वर्षांची मुलं एकत्र धरा: एकूण बसली किती, पास किती. तुलना करायचीच असेल तर मार्च २०२५ च्या दहावीत राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता आणि आपल्या नाशिक विभागाचा ९३.०४. एवढी मुलं पास होत असतील तर नुसतं "पास" हे माप ढोबळच झालं. पास व्हायला शंभरात पस्तीस लागतात आणि त्यातले वीस गुण शाळेच्या हातात असतात. वीसपैकी अठरा शाळेनं दिले तर ऐंशीच्या लेखी परीक्षेत सतरा मिळाले तरी मूल पास होतं. ऐंशीपैकी सतरा गुणांवर अकरावी सायन्स पेलत नाही, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

म्हणून टक्का विचारू नका, निकालपट मागा. मुख्याध्यापकांकडे मंडळाचा निकालपट असतो. नोंदलेले किती, बसलेले किती, विशेष प्रावीण्यात किती, प्रथम श्रेणीत किती, आणि नुसते पास किती, हे सगळं त्यात एका ओळीत असतं. चांगले मुख्याध्यापक तो न कुरकुरता दाखवतात.

पण निकालपटातही न दिसणारी एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त लागते. नववी. एका शाळेत नववीच्या निकालाच्या बैठकीला मी बसले होते. समोर मुलांची यादी आणि काही नावांपुढे लाल पेन्सिलीच्या खुणा. ही पोरं दहावीला गेली तर शंभर टक्के निकाल जाईल, म्हणून त्यांच्या पालकांना बोलावून "सतरा नंबरचा फॉर्म भरा" असं सांगायचं ठरलं. सतरा नंबर म्हणजे बाहेरून, खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देणं. ज्याची शाळा मध्येच सुटली त्याच्यासाठी ती फार चांगली सोय आहे, पण शाळेत रोज येणाऱ्या पोराला बाहेर काढण्यासाठी नाही. मी त्या दिवशी बोलले, पण फार उपयोग झाला नाही. त्या यादीतला एक मुलगा पुढे जिनिंगच्या फाटकापाशी कापसाच्या गाडीवर बसलेला दिसला. मला पाहून त्याने ओळख दिली आणि मान खाली घातली. मला बोलवेना.

तेव्हा कुठल्याही शाळेत हा प्रश्न विचाराच: दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुलं होती, आणि त्यातली किती यंदा दहावीला बसली? आठवीत साठ आणि दहावीला बेचाळीस असतील, तर ती अठरा मुलं गेली कुठे? काही गाव सोडून जातात, काही मुलींची लग्नं होतात, काही शेतात लागतात. पण शाळेला त्यांची नावानिशी माहिती असेल, तर ती शाळा पोरं सांभाळते. नुसतं "गळाली" म्हणाले, तर मी विचार करीन.

वर्गात कोणाची मुलं आहेत

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मी मोठ्याने उत्तर देते. गावच्या हायस्कुलात शेतमजुरांची, भिल्ल वस्तीवरची, छोट्या शेतकऱ्यांची मुलं जास्त असतात. ज्यांना परवडतं त्यांनी पोरगा इंग्रजी शाळेत घातलेला असतो आणि बहीण गावच्या शाळेत ठेवलेली असते. म्हणूनच पुष्कळदा गावच्या शाळेत मुलींची संख्या जास्त दिसते. शिरपूर, शहादा, तळोदा या बाजूला गेलात तर वर्गात पावरा आणि भिल्ल मुलं, नवापूरकडे मावची आणि कोकणी. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची साक्षरता ७८ टक्क्यांच्या पुढे होती, धुळ्याची जवळपास ७३ आणि नंदुरबारची ६४ च्या आसपास, राज्यात सगळ्यात कमी. नंदुरबारमध्ये दर दहातले जवळजवळ सात जण आदिवासी. म्हणजे एकाच खानदेशात, एकाच मंडळाच्या परीक्षेला बसणाऱ्या दोन वर्गांची सुरुवात किती वेगळ्या ठिकाणाहून होते ते बघा. एकाच्या घरात आई गृहपाठाची वही वाचू शकते, दुसऱ्याच्या घरात शाळेत जाणारं तेच पहिलं मूल.

मग ज्या शाळेनं पहिल्या पिढीची पोरं घेऊन शंभरातली पंच्याऐंशी पार नेली, ती कमी आणि जिनं निवडून निवडून घेतलेल्या पोरांचे अठ्ठ्याण्णव टक्के दाखवले ती जास्त, हे गणित मला मान्य नाही. शाळेनं मूल उचललं तिथपासून सोडलं तिथपर्यंतचं अंतर मोजायला हवं.

शाळेतली मुलं कोण, किती, मुली किती, प्रवर्गवार संख्या किती, शिक्षक किती, ही माहिती लपलेली नाही. प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर तो टाकला की शाळेचा पट आणि सोयी समोर येतात. मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे. फक्त तिथे लिहिलेली प्रयोगशाळा प्रत्यक्ष उघडते का, हे शाळेत जाऊन बघावं लागतं. कपाटाला कुलूप आणि बीकरवर धूळ असेल तर ती प्रयोगशाळा कागदावरचीच.

आणि भाषा. आपल्या पोरांची घरची बोली अहिराणी, लेवा, गुजरी, भिलोरी, पावरी. पुस्तकाची मराठी त्यांना दुसरी भाषाच असते. माझ्या छोट्या वर्गात एक मुलगी होती, मागच्या बाकावर बसायची. वर्गसमीकरणाचा तास चालू असताना तिने हात न वर करता नुसतं म्हटलं, "मॅडम, माले समजनं नही." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, निम्मं अहिराणीत. त्या दिवशी तिच्यासोबत आणखी सहा जणांना समजलं, जे गप्प बसले होते. पुढे मोठ्या शाळेत पासष्ट पोरांच्या वर्गात मी तशीच शिकवत होते, तेवढाच जीव लावून. पण "माले समजनं नही" असं म्हणणारा आवाज तिथे मला वर्षभरात ऐकू आला नाही. तिथली पोरं ट्यूशनला जाऊन समजून घेत, आणि ज्यांना ट्यूशन परवडत नसे ती समजून न घेताच पुढे सरकत.

शिक्षक

इथे मात्र छोटी शाळा उघडी पडते, आणि ते मी झाकणार नाही. तीन वर्गांना गणित-विज्ञानाचा शिक्षक बहुधा एकच. तो आजारी पडला, निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामाला गेला, की गणित थांबलं. निवृत्त झाला तर आणखी बिकट. २०१२ पासून अनुदानित शाळांतली भरती बरीच वर्षं अडकली होती, नंतर पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शासनाच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, सुरू झाली, तरी छोट्या शाळेतलं रिकामं पद भरायला वेळ लागतोच. त्यात पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पदच कमी होतं. शिक्षक गेला म्हणून मुलं जातात, मुलं गेली म्हणून शिक्षक जातो. कितीतरी गावांतली हायस्कुलं अशी खंगली. इंग्रजी शिकवणारे सर मूळचे इतिहासाचे, हेही चालतं.

मोठ्या शाळेत एका विषयाला तीन-चार शिक्षक असतात, एक रजेवर गेला तर दुसरा तास घेतो. सेमी इंग्रजी असतं. अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत येतं तेव्हा सेमीवाल्या पोरांना पहिले सहा महिने सोपे जातात, हे खरंच आहे. तरी माझं मत असं, की पक्का गणित शिक्षक असलेली मराठी माध्यमाची शाळा ही डळमळीत सेमीपेक्षा बरी. 'कर्ण' म्हणजे हायपोटेन्यूज हे मूल एका सुटीत पाठ करतं. पायथागोरसचं प्रमेय कच्चं राहिलं तर ते सुटीत भरून निघत नाही.

खर्चाचं थोडक्यात. आठवीपर्यंत दोन्हीकडे पोषण आहार आणि पुस्तकं मिळतात, शाळा अनुदानित असेल तर. पण एक गोष्ट पालकांना शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरातलं मूल निवडलं गेलं तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,००० मिळतात. ही परीक्षा शासकीय, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलेलं हुशार मूल तिला बसूच शकत नाही. मोठी शाळा निवडताना ती अनुदानित आहे ना, आणि मूल ज्या तुकडीत बसणार ती तुकडीही अनुदानित आहे ना, हे विचारा. एकाच इमारतीत दोन्ही असू शकतं.

वाट. पूर्वी मोठ्या शाळेत शिकणं म्हणजे वसतिगृहात राहणं होतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते, शिकवायचे आणि वसतिगृहही सांभाळायचे. मूल चोवीस तास शिक्षकाच्या नजरेत असे. आज तालुक्याला घातलेलं मूल सकाळी एसटीची वाट बघतं आणि दिवेलागणीला घरी येतं. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाच्या गाड्या काही तालुक्यांत आहेत, तिथे आठवीपासून गरजू मुलींना सायकलही मिळते. पण २०२१ च्या दिवाळीपासून पुढचे काही महिने एसटीचा संप चालला तेव्हा आमच्या वर्गातल्या रिकाम्या बाकांवर खेड्यातल्या मुलींचीच नावं होती. मुलगे कुणाच्या तरी मोटारसायकलवर येत. मुलीला तसं पाठवायला घरचे तयार नसत.

मग काय करायचं

वहिनीला मी गावचं हायस्कूल सांगितलं, पण एका अटीवर. गणित-विज्ञानाचे शिक्षक कायम आहेत का आणि निवृत्तीला किती वर्षं आहेत, हे आधी पाहून यायचं. निवृत्ती तीन वर्षांच्या आत असेल तर माझं उत्तर फिरतं, मग तालुका. पोरगी शांत आहे, विचारायला लाजते, बसचा दोन तासांचा हेलपाटा आहे आणि गाडी चुकली तर "राहू दे आज" म्हणणारी आजी घरात आहे. अशा पोरीला वीस जणांचा वर्ग मानवतो.

तिच्याच शेजारच्या मुलाला मात्र मी तालुक्याला जा म्हटलं. त्याची मावशी शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते, तो गणितात वर्गाच्या पुढे आहे आणि गावात त्याच्याशी चुरस करणारं कुणी नाही. असं मूल छोट्या शाळेत पहिलं येतं आणि तिथेच थांबतं. नवोदय या केंद्राच्या निवासी शाळेत नववीच्या रिकाम्या जागांसाठी आठवीत असतानाच परीक्षा असते, तिचीही तयारी त्याने करावी.

आणि ज्यांचे आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातात, त्या सातपुड्यातल्या घरांसाठी ही दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. घराला कुलूप लागतं तेव्हा गावची शाळा चांगली असून काय उपयोग. मूल आई-बापांबरोबर फडात जातं किंवा धाकट्यांना सांभाळत मागे राहतं. त्यांनी आदिवासी विकास विभागाची आश्रमशाळा किंवा तालुक्याच्या गावचं शासकीय वसतिगृह पाहावं. नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे विभागाची प्रकल्प कार्यालयं आहेत, चौकशी तिथेच करावी. आश्रमशाळाही सारख्या नसतात. जाऊन स्वयंपाकघर बघा, मुलींच्या खोल्यांच्या दारांना आतून कडी आहे का बघा, रात्री अधीक्षिका मुक्कामी राहतात का ते तिथल्या मुलींनाच विचारा.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. दाखला काढायची घाई करू नका. आठवीपर्यंत दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, हा शिक्षण हक्क कायदाच आहे. पहिल्या आठवड्यात दोन्ही शाळांत एकेक दिवस जाऊन या, जमलं तर मुलाला घेऊन. वहिनी सोमवारी गावच्या शाळेत जाणार आहे. आठवीचा दोन वर्षांपूर्वीचा पट आणि यंदा दहावीला बसलेल्यांची संख्या, हे दोन आकडे ती वहीत लिहून आणणार आहे.