टीपी-लिंक डेको एक्स२०: लावताना कुठे अडतं

डेको एक्स२० म्हणजे घरभर वाय-फाय पसरवणारा, एकमेकांशी बोलणाऱ्या युनिटांचा संच (मेश). वाय-फाय ६, ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालणारा. खोक्यावर लिहिलेलं एएक्स१८०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ वरचे १२०१ एमबीपीएस यांची कागदावरची बेरीज. एकाच मोबाइलला तेवढा वेग मिळत नाही, तेव्हा आकड्यावर भाळू नका.

लावणं सोपं. फायबरवाल्याच्या डब्यातून पहिल्या युनिटला केबल जोडा, दिवा निळा लुकलुकला की डेको अ‍ॅप उघडा. फायबरवाल्याचा डबा स्वतःच राउटरचं काम करत असेल, तर डेको ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाका (यात डेको फक्त वाय-फाय पुरवतो, राउटरचं काम डबाच करतो) आणि त्या डब्याचं वाय-फाय बंद करा. नाहीतर दुहेरी नॅट होतं, म्हणजे घरातल्या उपकरणांचे पत्ते दोन राउटर एकामागून एक बदलतात, आणि सीसीटीव्ही बाहेरून बघताना, ऑनलाइन गेम खेळताना अडतं.

दुसरं युनिट जिथे रेंज मरते तिथे नको, पहिलं युनिट आणि ती जागा यांच्या मध्ये ठेवा. मागे धातूचं कपाट नको. बिनतारी जोडणीत तोच ५ गिगाहर्ट्झ बँड मोबाइललाही पुरवतो आणि पहिल्या युनिटशीही बोलतो, त्यामुळे दुसऱ्यापाशी वेग साधारण निम्मा होतो. जमलं तर कॅट-६ केबल ओढाच, प्रत्येक युनिटला दोन गिगाबिट पोर्ट आहेत.

दोन्ही बँडना एकच नाव असतं. स्मार्ट प्लग, गीझरचा स्विच असल्या वस्तूंना बहुधा फक्त २.४ कळतो. त्या जोडल्या जात नसतील, तर गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) केवळ २.४ वर चालू करून तिथे जोडा. जुना प्रिंटर रुसला, तर वाय-फायच्या सुरक्षेत नव्या डब्ल्यूपीए३ ऐवजी जुनं डब्ल्यूपीए२ निवडा आणि ‘फास्ट रोमिंग’ (एका युनिटवरून दुसऱ्यावर झटकन जाण्याची सोय) बंद करा.