कांताकुझिनो घराणं: महाल आणि लस

रुमानियाच्या कांताकुझिनो घराण्यातल्या दोघांना शेजारी ठेवून पाहू. गेओर्गे ग्रिगोरे म्हणजे गडगंज जमीनदार, दोनदा पंतप्रधान. श्रीमंतीमुळे लोक त्याला ‘नबाब’च म्हणत. बुखारेस्टमधला त्याचा महाल आजही डोळे दिपवतो: दाराशी दगडी सिंह, वर शिंपल्याच्या आकाराचं काचेचं छत. तिथे आता संगीतकार जॉर्ज एनेस्कूचं संग्रहालय आहे. पण 1907 मध्ये जमिनीला मुकलेले शेतकरी पेटून उठले आणि त्याचं सरकार गेलं.

दुसरा इओन (1863–1934), डॉक्टर. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यासक मेचनिकोव्हच्या हाताखाली तयार झालेला. 1913 च्या बाल्कन युद्धात बल्गेरियात शिरलेल्या रुमानियन फौजेत कॉलरा पसरला. साथ ऐन भरात असताना लस टोचावी का, याबद्दल तेव्हा शंका होत्या. इओनने सरसकट लसीकरण केलं आणि साथ आटोक्यात आणली. पुढे पहिल्या महायुद्धात तो टायफस या उवांमधून पसरणाऱ्या तापाशी झुंजला. 1921 मध्ये त्याने उभारलेली संस्था आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

महाल देखणा आहे, जरूर पाहावा. तरी माझ्या लेखी या घराण्याचा खरा मोठा माणूस इओनच.