सुरत की पुणे?

खान्देशी माणूस कामासाठी पुण्याऐवजी राज्य सोडून सुरत गाठतो, तो गुजरातच्या प्रेमापोटी नव्हे. नंदुरबार, अमळनेरहून ताप्ती मार्गाची गाडी थेट सुरतेतल्या उधन्याला उतरवते, कापडाच्या लूम-डाइंगमध्ये गाववाल्यांच्या ओळखीवर काम लागतं, तिथल्या लिंबायत भागात अहिराणीही चालते. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांत कंत्राटदार आधी आयटीआयचा कागद विचारतो, खोलीला डिपॉझिट वेगळंच.

खरी मेख पुढे, पोरांच्या कागदांत. अनुसूचित जाती-जमातीच्या सवलती राज्याची हद्द ओलांडत नाहीत. सुप्रीम कोर्टाने १९९० मध्येच तसं ठरवलंय. म्हणजे गुजरातच्या राखीव जागा नाहीत. शिवाय दहावी-बारावी सुरतेत झाली, तर महाराष्ट्राच्या मेडिकल कोट्यातूनही सहसा बाद! पुण्यात ही भानगड नाही. रेशन मात्र आधार जोडलेलं असलं की दोन्हीकडे मिळतं. सुरत धरायचीच तर आठवीनंतर पोरांची शाळा गावाकडे.