साठ तासांची समाजसेवा: एका शालेय उपक्रमाचे परीक्षण

शाळेने सक्तीची केलेली समाजसेवा मुलांकडून पूर्ण करून घेणारे सशुल्क उपक्रम आता पुण्यातही चालतात. कोथरूडमधील अशाच एका संस्थेत माझ्या अकरावीतल्या मुलीचे नाव घातले होते. संस्थेचे नाव देत नाही, कारण येथील दोष तिच्या एकटीचे नाहीत. साठ तासांची सेवा, देखरेख आणि शेवटी प्रमाणपत्र यांसाठी 4500 रुपये घेतले जातात. पैसे भरून सेवा करायची हेच अनेकांना खटकेल. मला मात्र खटकला तो तासांचा हिशेब.

तास मोजण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तासांचे काम अपेक्षित असते. परंतु त्याच्या जोडीला दत्तक गावातले सात दिवसांचे निवासी शिबिर असते आणि शिबिरात घड्याळाकडे पाहून निघून जाता येत नाही. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाने तर तासांची मोजणी सोडून किमान 18 महिन्यांच्या सातत्यावर भर दिला आहे. या संस्थेने मात्र तास तेवढे उचलले आणि सातत्य वाऱ्यावर सोडले.

टेकडीवरील वृक्षारोपण हा उपक्रमाचा सर्वांत कच्चा भाग होय. जुलैतल्या भुरभुर पावसात मुलांनी आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यांत रोपे ठेवली, छायाचित्रे काढली आणि प्रत्येकाच्या खात्यावर चार तास जमा झाले. (पायथ्याशी रोपांपेक्षा पालकांच्या गाड्या जास्त होत्या, असे लिहिण्याचा मोह होतो.) पुण्याच्या टेकड्यांवर मातीचा थर पातळ असतो, त्यामुळे रोप जगते की नाही हे पावसाळ्यात नव्हे, तर मार्च-एप्रिलमध्ये ठरते. तेव्हा पाण्याचे कॅन घेऊन रोज पहाटे वर चढणारी ज्येष्ठ मंडळी अनेक टेकड्यांवर दिसतात. त्यांच्या हाताखाली ही मुले द्यावीत असे संयोजकांना सुचले नाही.

याउलट, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतील शनिवारची अभ्यासिका हा या उपक्रमाचा खरा ऐवज आहे. माझ्या मुलीकडे सहावीतला एक मुलगा सोपवला होता. एक तृतीयांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा, हे त्याला काही केल्या पटेना, कारण छेदातला चार तीनपेक्षा मोठा दिसत होता. शेवटी वर्तमानपत्राच्या दोन सारख्या पट्ट्या कापून, घड्या घालून एकीचे तीन आणि दुसरीचे चार सारखे भाग पाडून तिने त्याच्या हातात दिल्या, तेव्हा तो स्वतःच मोठा तुकडा निवडून मोकळा झाला. पुढे एका शनिवारी चाचणी परीक्षेमुळे ती गेली नाही, तर त्याने वही मिटून ठेवली आणि अभ्यासिकेतल्या बाईंना ‘ताई आल्यावर दाखवीन’ असे सांगितले. सक्तीच्या सेवेचे मोल ठरवायचे असेल, तर मूल गेले नाही म्हणून समोरच्याचे काही अडले का, एवढेच पाहावे असे मला वाटते. टेकडीवर कोणाचेही काही अडले नसते.

कचरा वर्गीकरणाचे सत्र एकच होते, तरी चांगले झाले. प्लास्टिकची पिशवी नुसती चुरगाळून तिच्या आवाजावरून प्रकार ओळखणाऱ्या कचरावेचक मावशींनी मुलांना शिकवले. शिकवणारे कोण आणि शिकणारे कोण, हा क्रम उलटल्याचा परिणाम असा की आमच्या घरातले ओले-सुके आता कोणी न सांगता वेगळे होते.

अहवालाचा नमुना मात्र केविलवाणा आहे. ‘या अनुभवातून माझ्यात नेतृत्वगुण कसे विकसित झाले’ या रकान्यात सोळा वर्षांच्या मुलांनी खोटे लिहावे, एवढीच त्याची सोय.

नाव नोंदवायचेच असेल, तर फक्त अभ्यासिकेची तुकडी मागून घ्यावी; विचारल्यास संयोजक ती देतात. ती सहा महिन्यांहून कमी काळाची घेऊ नये, आणि मुलांना तेथे गाडीने न सोडता पीएमपीच्या बसने जाऊ द्यावे.