तारकर्लीचा व्हिला आणि पंधरा जणांची वर्गणी

डिसेंबर लागला की कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर, तालमीत, ऑफिसात विषय एकच: थर्टीफर्स्टला कोकणात कुठं? करूळ नाहीतर फोंडा घाट उतरला की चार-साडेचार तासांत मालवण. पंधरा जण, तीन गाड्या, रश्श्याचा मसाला इथनंच बांधून न्यायचा. राहतो फक्त व्हिला. भामटे नेमके तिथंच बसलेले असतात, कारण पंधरा जणांच्या ग्रुपात चौकशी कुणीच करत नाही. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं केली असेल.

हिशेब बघा. बाकीचे व्हिले त्या दिवसांत रात्रीला बावीस-पंचवीस हजार सांगत असताना इन्स्टाग्रामवरचा एकजण बारा हजारांत द्यायला तयार होतो. दोन रात्रींचे २४,०००, निम्मा ॲडव्हान्स १२,०००. माणशी फक्त ८००. एवढ्यासाठी कोण मालवणला फोन लावत बसणार? ‘दादा, दुसरा ग्रुप पण विचारतोय, अर्ध्या तासात कन्फर्म करा,’ असा मेसेज आला की ग्रुपवर ‘टाक भावा, टाक’ सुरू होतं. खजिनदार बिचारा पैसे टाकून मोकळा. बोलणारा हल्ली हिंदीत बोलत नाही, चांगलं मराठी बोलतो. त्यामुळं भाषेवरून ओळखू, हा भरवसा सोडा.

१२,००० गेले की प्रकरण थांबेल असं नाही. आधी ५,००० ‘रिफंडेबल डिपॉझिट’ मागतात. मग मेसेज येतो, ‘सर, तुमचं पेमेंट रेफरन्सशिवाय आलंय, सिस्टीमनं होल्ड केलंय. १२,००१ परत टाका, आधीचे १२,००० आपोआप रिटर्न होतील.’ अशी सिस्टीम कुठंच नसते. यूपीआयचं पेमेंट यशस्वी दाखवलं म्हणजे पैसे त्याच्या खात्यात पडले. परत यायचे तर त्यानं हातानं पाठवायला हवेत. इथं कुणी शंका काढली की तो रिफंडसाठी म्हणून क्यूआर पाठवतो आणि स्कॅन करून पिन टाकायला सांगतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जाणार. ॲडव्हान्स, डिपॉझिट आणि ‘परत टाका’ अशा तिन्ही ठिकाणी मान डोलावली तर ८०० रुपये वर्गणीच्या व्हिल्यात २९,००१ रुपये बुडाले, आणि व्हिला अजून दिसलेलाच नाही.

आता फोटो. बहुतेक वेळा ते खऱ्याच व्हिल्याचे असतात, फक्त तो व्हिला दुसऱ्याचा किंवा दुसऱ्या देशातला असतो. फोटो गूगल लेन्समध्ये टाकणं ही पहिली पायरी. पण हुशार भामटा फोटो उलटा करतो, कडा कापतो, आणि लेन्सला तो सापडत नाही. मग डोळे वापरायचे. बेडरूमचा फोटो मोठा करून भिंतीवरचं सॉकेट बघा. आपल्याकडं तीन गोल भोकं असतात. चपट्या पिनांचं सॉकेट दिसलं तर ती खोली बहुधा आपल्या देशातली नाही. बाहेरच्या फोटोत कड्याच्या टोकावर स्विमिंग पूल आणि खाली समुद्र दिसत असेल, आणि पत्ता तारकर्ली किंवा देवबागचा असेल, तर विषय तिथंच संपला. देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. कडा कुठनं येणार? आणखी एक खूण पावसाळ्यातली. जुलैच्या बुकिंगवर ‘पॅरासेलिंग आणि स्कुबा फ्री’ म्हणत असेल, तर त्या माणसानं पावसाळ्यातलं मालवण बघितलेलंच नाही. त्या दिवसांत समुद्रातले खेळ बंद असतात.

मॅपवरचं लोकेशन पाठवलं म्हणजे व्हिला त्याचा, असं मुळीच नाही. मॅपवरची पिन कुणीही कुठलीही पाठवू शकतो. मॅपवरच्या खऱ्या व्हिल्याचा फोन नंबर ‘सजेस्ट ॲन एडिट’ वापरून बदलून ठेवल्याचेही प्रकार होतात. म्हणून नंबर मॅपवरून उचलू नका. जुन्या पाहुण्यांनी टाकलेले फोटो उघडा, त्यात गेटवरची पाटी शोधा आणि पाटीवरचा नंबर जुळवा. मग सॅटेलाइटवर जाऊन पूल आणि छपराचा आकार फोटोशी ताडा. सगळ्यात खात्रीचा उपाय मात्र फुकटचा आहे: पिनच्या शेजारची खानावळ किंवा किराणा दुकान मॅपवर शोधून तिथं फोन लावायचा. ‘तुमच्या बाजूला अमुक नावाचा व्हिला आहे काय? मालक कोण?’ दोन मिनिटांत निकाल. नाहीतर कोल्हापुरात पंधरा जणांत एकाचा तरी पाहुणा कणकवली-कुडाळकडं निघतोच, त्याला चहाला पाठवा.

मालक म्हणवणाऱ्याला व्हिडिओ कॉल करायला सांगा, पण त्यानं ठरवलेल्या वेळी नको, आत्ता. गेटपासून चालत आत जा, स्वयंपाकघरातला नळ सोडा, मग समुद्राकडं कॅमेरा फिरवा, असं सांगायचं. ‘मी पुण्यात आहे, केअरटेकरकडं साधा फोन आहे’ हे उत्तर ठरलेलं असतं. त्यात तथ्य असूही शकतं, कोकणातले पुष्कळ मालक मुंबई-पुण्यालाच असतात. मग लाइट बिलावरचा महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट मागा. दोन्ही यूपीआय ॲपच्या वीजबिल भरण्याच्या पानावर टाकले की ग्राहकाचं नाव दिसतं. नाव वडिलांचं किंवा आजोबांचं निघालं तर घाबरू नका, आडनाव जुळतं का बघा. जीएसटी नंबर दिला असेल तर तो पंधरा अक्षरी असतो. सुरुवातीला महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. जीएसटी पोर्टलवर टाकला की नोंदणीचं नाव कळतं. छोट्या होमस्टेवाल्याकडं जीएसटी नसणं साहजिक आहे, नाही म्हणाला म्हणून चोर ठरवू नका. पण बिलावर नंबर छापून पोर्टलवर भलत्याच धंद्याचं नाव निघालं, तर बोलणं थांबवा.

पैसे पाठवताना ॲप बँकेत नोंदलेलं नाव दाखवतं. व्हिला मालवणच्या माणसाचा आणि नाव तिसऱ्याच कुणाचं, असं असलं की उत्तर येतं, ‘आमच्या अकाउंटंटचं खातं आहे.’ हे बहुतेक वेळा भाड्यानं घेतलेलं खातं असतं. पैसा पडला की पुढच्या खात्यात, तिथून आणखी पुढं, आणि शेवटी एटीएममधून रोख.

व्हिला खरा असूनही फसवणूक होते, ती निराळी. पोचल्यावर ‘पाइप फुटलाय, शेजारचा घ्या’ म्हणून पडकं घर गळ्यात मारतात, नाहीतर एजंटानं एकच तारीख दोन ग्रुपना विकलेली असते. त्यासाठी पावतीवर घर क्रमांक, तारीख, माणसं, खोल्या, पूल आणि ‘हाच व्हिला न मिळाल्यास ॲडव्हान्स परत’ एवढं लिहून घ्या. ॲडव्हान्स पंचवीस-तीस टक्क्यांवर नेऊ नका, बाकी किल्ली हातात आल्यावर.

पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, मग बँकेला. ग्रुपवर भांडत बसलात तर तेवढ्या वेळात पैसे दोन खाती पुढं जातात. फोनच्या वेळी हाताशी हवं: यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी. पैसे दोघांच्या मोबाइलवरून गेले असतील तर दोघांचेही व्यवहार तक्रारीत घाला. बाकीच्या तेरा जणांनी खजिनदाराला दिलेली वर्गणी तिथं मोजत नाहीत, तक्रारदार ज्याच्या खात्यातून पैसे गेले तोच. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार करून पोच क्रमांक जपून ठेवा. गुन्हा नोंदवायला मालवणला जायची गरज नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द न बघता नोंद घ्यावी लागते, आणि कोल्हापुरात सायबर पोलिस ठाणं आहेच.

बँकेकडून मात्र भरपाईची आशा धरू नका. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं की ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा नियम अनधिकृत व्यवहारांचा आहे. इथं पिन आपणच टाकलेला असतो. पुढच्या खात्यात पैसे गोठले असतील तर ते परत मिळू शकतात, पण त्याला वेळ लागतो. त्या मधल्या काळात ‘सायबर सेलमधून बोलतोय, ९९९ रुपये फी भरा, रिकव्हरी करून देतो’ असा फोन येतो. तो त्याच टोळीचा असू शकतो, नंबर त्यांच्याकडं आधीच असतो.