ओट्यामागचे अझुलेजु: लिस्बनच्या भाड्याच्या घरात नऊ महिने

ऑक्टोबरात लिस्बनला आलो आणि पहिल्याच आठवड्यात खूळ शिरलं: इथल्या जुन्या घरांना बाहेरून असतात तशा निळ्या-पांढऱ्या टाइल्स, म्हणजे अझुलेजु, आपल्याही घरात हव्यात. घर भाड्याचं, भिंतीला एकही भोक पाडायचं नाही अशी घरमालकीणबाईंची ताकीद. म्हणून स्वस्तातला मार्ग धरला. ओट्यामागे टाइलच्या नक्षीचे स्टिकर लावले.

दोन महिने बरे दिसले. मग आमच्या फोडण्यांनी त्यांना गाठलं. हळदीचा शिंतोडा बसला की बसलाच. घासावं तर पिवळ्यासोबत निळाही जातो. जानेवारीत इथे पाऊस, घरात ओल, भिंतीला घाम. कोपरे सुटायला लागले. त्यात एक चूक माझी स्वतःची. या नक्षीत एकच टाइल चार दिशांना फिरवली की चौघींचं मिळून एक फूल होतं. मी एक उलटी चिकटवली होती. आई राहायला आली तेव्हा चहा गाळता गाळता म्हणाली, "हे फूल मोडलंय रे." झालं! त्यानंतर त्या भिंतीवर मला दुसरं काही दिसेना.

फेब्रुवारीत एका कार्यशाळेतून हाताने रंगवलेल्या 12 टाइल्स घेतल्या. प्रत्येक 14 सेंमीची, सगळ्या एका फळीवर बसवलेल्या. पैसे स्टिकरच्या कितीतरी पट गेले, पण रंगवताना शेजारी उभं राहू दिलं. कागदावरच्या चित्राला सुईने भोकं पाडतात आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटतात, थेट आपला रांगोळीचा छापा. खालचा पांढरा लेप कच्चा असतो, ब्रश टेकला की रंग पिऊन टाकतो. खाडाखोड नाही. निळ्यासाठीचा कोबाल्टचा रंग लावताना मळकट दिसतो, त्याचा निळा भट्टीतच उजळतो. अझुलेजु हा शब्द पोर्तुगीज 'अझुल', म्हणजे निळा, यावरून आला असं मी धरून चाललो होतो. पण शब्द मूळ अरबी, अर्थ गुळगुळीत दगड. जुन्या टाइल्स हिरव्या-पिवळ्याही असत. मग आम्हीही किनार पिवळी घेतली. हळदीच्या घरात तेच शहाणपणाचं.

फळी ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवलीय. आमटी उतू गेली, तेल उडालं, ओल्या फडक्याने सगळं निघतं. तक्रार एकच: दोन टाइल्समधल्या फटीत तेलकट काळं साचतं, दर पंधरा दिवसांनी जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं. आणि वजन! एकट्याने हलवायला गेलो, एका कोपऱ्याचा टवका उडाला.

जुन्या टाइल्सच्या मोहात मात्र पडू नका. फेइरा दा लाद्रा या मंगळवार-शनिवारच्या बाजारात एक हातात घेतली होती. मागे चुना तसाच चिकटलेला. म्हणजे कुणाच्या तरी भिंतीवरून उचकटलेली. अशा चोऱ्या इतक्या की 2007 पासून पोलिसांच्या संग्रहालयाचा 'एसओएस अझुलेजु' नावाचा उपक्रमच चालतो. मी ती तिथेच परत ठेवली.

मोठं काम पाहायचं तर पोर्तो शहरातलं साओ बेंतो रेल्वे स्टेशन, सुमारे 20,000 टाइल्स. चित्रकार जॉर्ज कोलासो. त्याच्याच 1935 च्या टाइल्स पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेत आहेत. कॉलेजच्या सहलीत मी त्यांच्यासमोरून कोल्ड्रिंक पीत गेलो होतो.

स्टिकर काढताना हेअर ड्रायरची गरम हवा द्या, उरलेल्या गोंदाला खोबरेल तेल.