लोडर लावायचाय, मग टू व्हील घ्यायचा की फोर व्हील?

परवा मेव्हण्याचा फोन आला. 50 एचपीचा नवा ट्रॅक्टर घ्यायचाय, पुढं लोडर, म्हणजे माल उचलायची बकेट लावलेले दोन हात, बसवायचाय, गोठ्यात जनावरं 25 झालीत आणि शेण भरायला माणूस मिळत नाही, तर टू व्हील (इंजिनची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना) घेऊ की फोर व्हील (ताकद चारही चाकांना), डीलर म्हणतोय फोर व्हीलच न्या आणि गावातले म्हणतायत कशाला दीड लाख वर घालवतोस. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून सगळं लिहूनच काढतो. मी टू व्हीलला लोडर लावून 6 वर्षं काम केलंय आणि आता 4 वर्षं फोर व्हील वापरतोय, दोन्ही एकाच गोठ्यात आणि एकाच काळ्या रानात.

पहिलं म्हणजे नांगरटीचा अनुभव इथं लावू नका. नांगर मागं असतो, जमिनीत ओढताना वजन मागच्या चाकांवर टाकतो, आणि टू व्हील ट्रॅक्टर बनवलेलाच असतो त्या हिशोबानं, मोठी चाकं मागं, इंजिनची ताकद मागं, ब्रेक पण मागं. लोडर लावला की हे सगळं उलटं होतं. बकेट भरून उचलली की पुढचा ॲक्सल (दोन चाकांमधला दांडा) म्हणजे तराजूचा काटा, पुढं पारडं जड आणि मागचं वर. ज्या चाकांना ताकद जाते तीच हलकी पडतात, आणि ज्यांच्यावर सगळा भार आलाय ती पुढची लहान चाकं नुसतीच फिरणारी, ओढायला काही नाही आणि थांबवायला पण नाही.

भार किती तर 0.4 घनमीटरच्या बकेटमध्ये चांगलं कुजलेलं शेणखत भरलं तर साधारण 250-300 किलो होतं, पण तीच बकेट तळ्यातल्या ओल्या गाळानं भरली की 650-700 किलोवर जाते. वर लोडरचं स्वतःचं लोखंड 400-500 किलो, ते तर रिकामं असतानाही पुढंच लटकलेलं. दिसायला दोन्ही बकेटा सारख्याच भरलेल्या दिसतात, म्हणून माणूस फसतो.

टू व्हीलमध्ये माझं काय व्हायचं सांगतो. उन्हाळ्यात काही अडचण नाही, कोरडा मुरूम, सपाट जागा, मजेत काम व्हायचं. पहिला पाऊस झाला की खताच्या ढिगात बकेट घुसवायला गेलं की मागची चाकं जागेवर गरगर फिरायची, डिफ लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवायचं पेडल, दाबला तर दोन्ही मिळून खड्डा करायची. पण चाक फिरलं तर फार तर वेळ जातो, खरी भीती उताराची. आमच्या गोठ्यापासून खताच्या खड्ड्याकडं उतार आहे, एका आषाढात भरलेली बकेट घेऊन तोंड पुढं करून उतरत होतो, मागं काही अडकवलेलं नव्हतं. ब्रेक दाबला, मागची चाकं जाम झाली आणि ट्रॅक्टर तसाच घसरत निघाला. बकेट खाली टेकवली म्हणून हौदाच्या 2 हात अलीकडं थांबला, आणि हौदाजवळ आई उभी होती. त्या दिवसापासून मी भरल्या बकेटनं उतार कधी तोंडानं उतरत नाही, चढताना तोंड पुढं, उतरताना रिव्हर्स, म्हणजे बकेट कायम चढाच्या बाजूला राहते, आणि बकेट जमिनीपासून फुटभरच वर. फोर व्हील असला तरी हाच नियम पाळा.

फोर व्हीलमध्ये इथं फरक काय पडतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ब्रेक तर बहुतेक फोर व्हील ट्रॅक्टरला पण मागच्याच चाकांना असतात. पण फोर व्हीलचा लिव्हर टाकलेला असला की पुढची चाकं शाफ्टनं मागच्यांशी जोडलेली राहतात, त्यामुळं ब्रेक मागं लागला तरी पुढची चाकं पण धरली जातात, आणि भार असतो पुढच्यांवरच. माझ्या मते लोडरवाल्यानं वरचा पैसा द्यायचं पहिलं कारण हे आहे, ओढायची ताकद त्याच्या नंतर.

दुसरं कारण लोखंडाचं. टू व्हीलचा पुढचा ॲक्सल साधा, 6.00-16 नाहीतर 7.50-16 चे टायर, चाक ज्यावर वळतं ती किंगपिन, तिच्याभोवतीचे बुश, चाकाच्या मध्यातले हबचे बेअरिंग. लोडरच्या कामात माझ्याकडं दीड-दोन वर्षात बुश आणि बेअरिंग वाजायला लागायचे, चाकं फाकलेली दिसायची. त्यातल्या त्यात चांगली बाजू अशी की हे काम गावातल्या गॅरेजमध्ये अर्ध्या दिवसात आणि थोडक्यात होतं. फोर व्हीलचा पुढचा ॲक्सल जाड असतो, टायर मोठे, ओल्या रानात चाक कमी रुततं. पण आतमध्ये गिअर, ऑइल सील, वेगळं ऑइल, आणि बिघडलं तर बिल मोठं येतं. पुढचे टायर पण महाग. आणि वळण, फोर व्हील जास्त जागा घेतो, जुन्या अरुंद गोठ्यात गव्हाणीच्या मधून फिरवायचं असेल तर आधी जागा मोजा, मला एक खांब काढावा लागला.

फोर व्हीलवाल्यांची एक चूक मी सारखी बघतो, डांबरी रस्त्यावर लिव्हर तसाच टाकलेला. पुढची चाकं मुद्दाम मागच्यांपेक्षा जराशी जास्त वेगानं फिरतील असं गणित कंपनीनं बसवलेलं असतं, मातीत ते सरकून जुळतं, डांबरावर सरकायला जागा नाही, मग टायर झिजतात आणि गिअरवर ताण येतो. त्याच कारणानं टायर बदलताना कंपनीनं दिलेलीच साईझ घ्यायची, पुढं एक मागं भलतीच असं करायचं नाही.

आता जे दोन्हीला लागू आहे ते, मागचं वजन. फोर व्हील घेतला म्हणजे मागं काही नको असं समजू नका. मागची चाकं हलकी झाली की सगळी ताकद एकट्या पुढच्या ॲक्सलमधून जाते आणि तिथले गिअर त्यासाठी नसतात. मागच्या टायरमध्ये पाणी भरलं तर 14.9-28 च्या एका टायरात साधारण 200 लिटर बसतं, त्यानं मागची पकड वाढते, पण पुढच्या ॲक्सलवरचा भार काही कमी होत नाही. तो कमी करायला वजन मागच्या ॲक्सलच्या मागं लटकलेलं पाहिजे. 200 लिटरच्या बॅरलमध्ये काँक्रीट आणि लिफ्टला (अवजार उचलणाऱ्या मागच्या हातांना) अडकवायला पिना ओतून घेतल्या की 450-500 किलोचा ठोकळा तयार होतो, खर्च अगदी थोडा. नाहीतर रोटाव्हेटर अडकवून ठेवा, फक्त मागं वळताना त्याची लांबी लक्षात ठेवायची.

मग घ्यायचा कुठला? लोडरचं काम वर्षातून मोजके दिवस असेल, उन्हाळ्यात खत भरणं आणि मुरूम ओढणं, जागा सपाट, बाकी वर्षभर पेरणी-फवारणी-ट्रॉली, तर टू व्हील घ्या, पण पॉवर स्टेअरिंग आणि पुढं 7.50-16 चे जास्त प्लायचे (थरांचे) टायर मागा, लोडर लहान लावा, आणि लोडरची फ्रेम मागच्या ॲक्सलपर्यंत नेऊन बांधलेली असू द्या, नुसती पुढच्या ब्रॅकेटवर लटकलेली नको. वाचलेल्या पैशात ठोकळा आणि दर दोन वर्षांनी बुश बेअरिंग सहज निघतं. रोजचं शेण, मुरघास, पावसाळ्यातही काम, उतार, काळी माती, यातल्या दोन गोष्टी जरी असल्या तरी मी फोर व्हीलच सांगेन. जॉन डिअर 5310, न्यू हॉलंड 3630, स्वराज 855 ही मॉडेलं दोन्ही प्रकारात मिळतात, त्यामुळं एकाच मॉडेलचे दोन्ही दर शेजारी ठेवून बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 चा 5 टक्के झालाय, 9 लाखाला पडणारा ट्रॅक्टर साधारण 56 हजारांनी उतरला, म्हणजे वरच्या दीड लाखातला तिसरा हिस्सा तिथंच निघाला.

मेव्हण्याला मी एवढंच सांगितलंय की बुकिंग द्यायच्या आधी डेमोचा ट्रॅक्टर लोडरसकट गोठ्यावर मागव, बकेट ओल्या मातीनं भर, फुटभर उचल आणि सपाट जागेवर सावकाश चालवून ब्रेक दाबून बघ, मग उताराच्या पायथ्यापासून चढ आणि रिव्हर्सनं उतर. त्याच्या गोठ्याला उतार आमच्यापेक्षा जास्त आहे.